39.9 टक्क्यांची संधी

जुलै 2023 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या विधिमंडळाचं पाच दिवसांचं विशेष अधिवेशन भरलं. काम एकच होतं: लोकसभेसारखं जे त्यांचं केंद्रीय प्रतिनिधिगृह आहे, त्याचे राज्यातले सात मतदारसंघ नव्याने आखायचे. राज्यात कृष्णवर्णीय लोक सुमारे 27 टक्के, पण त्यांना आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडता येईल असा मतदारसंघ सातांपैकी एकच. महिनाभरापूर्वीच ‘अॅलन विरुद्ध मिलिगन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला होता. त्या निर्णयानुसार कृष्णवर्णीय बहुमताचा, किंवा त्याच्या अगदी जवळ जाणारा, दुसरा मतदारसंघ करणं भाग होतं.

विधिमंडळाने काय केलं? खालच्या सभागृहाच्या आराखड्यात दुसऱ्या मतदारसंघात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे 42 टक्के होते, वरच्या सभागृहाच्या आराखड्यात सुमारे 38. तडजोड झाली ती 39.9 वर. बाजारात भाजीचा भाव ठरावा तशी. कृष्णवर्णीय आमदार विरोधात बोलत राहिले, बहुमताने विधेयक मंजूर झालं आणि त्याच दिवशी गव्हर्नरांची सही झाली. या आकड्याला सत्ताधारी पक्ष ‘संधी’ म्हणत होता. जिथे गोरे मतदार जवळजवळ एकगठ्ठा दुसऱ्या बाजूला मत देतात, तिथे 39.9 टक्क्यांची संधी म्हणजे दर निवडणुकीत सन्मानाने पडण्याची संधी.

विधेयकातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. मोबाइल आणि बाल्डविन या किनाऱ्यावरच्या दोन काउंट्या एकत्रच राहिल्या पाहिजेत, कारण त्यांना बंदराचा आणि फ्रेंच-स्पॅनिश वसाहतीचा सामायिक वारसा आहे! फिर्यादींच्या नकाशांत मोबाइल शहरातली कृष्णवर्णीय वस्ती ‘ब्लॅक बेल्ट’ला जोडलेली होती. हा पट्टा म्हणजे काळ्या कसदार जमिनीचा, कापसाच्या मळ्यांचा आणि म्हणून गुलामगिरीचा प्रदेश. वसाहतवाल्यांचा वारसा हा ‘समान हितसंबंध’, आणि गुलामीतून आलेलं समान दारिद्र्य जोडायला गेलं की तो ‘वंशाचा आधार घेणं’. न्यायालयातही राज्याची भूमिका हीच होती: नकाशा वंशाकडे न बघता काढावा. आपल्याकडे ‘उगाच जात काढू नका’ असं कोण म्हणतं आणि कधी म्हणतं, ते आठवलं की हा सूर ओळखीचा वाटेल.

याच राज्यात टस्कगी नावाचं गाव आहे. तिथल्या संस्थेत चार्ल्स गोमिलियन समाजशास्त्र शिकवत. मीही समाजशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त आपुलकी. गावातले शिकलेले कृष्णवर्णीय मतदार नोंदणी करू लागले, तेव्हा 1957 मध्ये विधिमंडळाने गावाची चौकोनी हद्द बदलून 28 बाजूंची वेडीवाकडी आकृती केली. सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे रातोरात गावाबाहेर. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. कुणाचं मत काढून घेतलं नव्हतं, फक्त रेघ हलवली होती. गोमिलियन न्यायालयात गेले आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

2023 मध्येही न्यायालयातच जावं लागलं. सप्टेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने नवा नकाशा अडवला. आपण सांगितलेला उपाय या नकाशात नाही हे राज्य स्वतःच मान्य करतं, याने पीठ अस्वस्थ झालं होतं. तिघांपैकी दोघे ट्रम्प यांनी नेमलेले होते, हेही नोंदवायला हवं. मग न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या मदतीने नकाशा ठरला. दुसऱ्या मतदारसंघात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय 48.7 टक्के झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये शोमारी फिगर्स तिथून निवडून आले. अलाबामातून एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी जाण्याची ही पहिलीच वेळ. ज्या 1965 च्या मताधिकार कायद्याच्या कलम 2 मुळे हे घडलं, त्याच कलमावर पुढे लुइझियानाच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात प्रश्न उभे केले गेले.

तिथे राखीव जागा नाहीत, म्हणून सगळा भार रेघेवर पडतो. आपल्याकडे राखीव जागा आहेत, म्हणून रेघेकडे आपण बघतच नाही. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या, हे या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण पुढचा तपशील कमी लोक वाचतात. 2002 च्या परिसीमन कायद्याच्या कलम 9 प्रमाणे अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक तिथे ठेवायच्या. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून, शक्यतो तुलनेने जास्त प्रमाण असेल तिथे. ‘विखरून’ हा शब्द कायद्यातच आहे. आमचा मतदारसंघ राखीव आहे, तरी आमच्या वस्तीत उमेदवार प्रचाराच्या शेवटच्या दिवशी येतो. वस्तीच्या मतांवर तो निवडून येत नाही हे त्यालाही माहीत असतं आणि आम्हालाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती: उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमध्ये मुस्लिमांची संख्या मोठी असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव, तर दलितांचं प्रमाण जास्त असलेले खुले. एका रेघेत दोघांचं नुकसान, आणि भांडायला दोघांनाच एकमेकांसमोर उभं केलेलं.

लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यामुळे सध्याची चर्चा उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती, एवढ्यावरच अडकली आहे. तो प्रश्न खराच आहे. पण राज्याच्या आत कुठला तालुका कुठे जोडला जाणार, कुठली जागा राखीव होणार, यावर आपल्या चळवळीत मी फारशी बैठक झालेली पाहिली नाही. आपल्याकडे नकाशा आमदार नव्हे, आयोग काढतो, हे अमेरिकेपेक्षा बरंच. मात्र आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं आणि घटनेचं कलम 329 न्यायालयाची वाट जवळजवळ बंद करतं. गोमिलियन यांना जो दरवाजा उघडला, तो आपल्याला उघडेलच असं नाही. म्हणून आपली वेळ त्याआधीची आहे. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकतींसाठी तारीख देतो, जाहीर सुनावण्या घेतो. गेल्या खेपेला प्रत्येक राज्याचे सहयोगी सदस्य म्हणून खासदार-आमदार आयोगासोबत बसले होते; मताचा अधिकार नसला तरी त्यांचं म्हणणं आत पोहोचत होतं. आपल्या वस्तीचं म्हणणं पोहोचवायचं तर गावनिहाय जनगणनेचे तक्ते, तालुक्याचा नकाशा आणि मुदतीत दिलेला लेखी अर्ज लागतो. घरात राजपत्र वाचू शकणारी पहिली पिढी आपली आहे.