वापरणाऱ्यांना प्रचंड आवडते, तरी कंपन्या हात लावत नाहीत. इलिक्सरची गाडी अडते कुठे?

स्टॅक ओव्हरफ्लो दरवर्षी जगभरातल्या डेव्हलपर्सचा सर्व्हे करतं. त्यात एक साधा प्रश्न असतो: सध्या जे वापरताय, तेच पुढेही वापरायला आवडेल का? 2022 मध्ये वेब फ्रेमवर्कच्या यादीत पहिला नंबर आला फिनिक्सचा. ते वापरणाऱ्या 83 टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. फिनिक्स ज्या भाषेत लिहिलंय ती इलिक्सर, भाषांच्या यादीत रस्टच्या पाठोपाठ दुसरी.

आता त्याच सर्व्हेतला दुसरा आकडा बघा. इलिक्सर वापरणारे होते सुमारे दोन टक्के. जावास्क्रिप्ट वापरणारे 65 टक्के.

पहिल्या आकड्यावर लगेच भाळूही नका. दोन टक्क्यांतले बरेच जण ही भाषा स्वतः शोधून तिथपर्यंत गेलेले असतात. ते नावं कशाला ठेवतील? जावा मात्र लाखो लोक नोकरीसाठी लिहितात, आवड असो वा नसो. तरीही एवढा फरक उरतोच, आणि तो फक्त तांत्रिक कारणांनी पडत नाही.

मुळात ही भानगड काय आहे?

गोष्ट सुरू होते स्वीडनमध्ये. 1986 च्या सुमारास एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टेलिफोन एक्स्चेंजसाठी नवी भाषा तयार करत होते. नाव अर्लांग. कल्पना अशी की प्रत्येक कॉल ही स्वतंत्र प्रक्रिया असावी. एक कोसळली तरी बाकीच्यांना धक्का लागू नये. एका फ्लॅटचा फ्यूज उडाला तर त्याच फ्लॅटमध्ये अंधार व्हावा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाही, तसं.

पुढे ब्राझीलचे जोसे वालीम यांनी याच इंजिनावर चालणारी, लिहायला सोपी अशी इलिक्सर बनवली. तिची 1.0 आवृत्ती 2014 मध्ये आली आणि वेबसाइट बनवण्यासाठीच्या फिनिक्सची 2015 मध्ये. त्याच वर्षी फिनिक्सच्या टीमने एका सर्व्हरवर एकाच वेळी 20 लाख कनेक्शन चालवून दाखवली. आज डिस्कॉर्डच्या चॅटमागे इलिक्सर आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर अर्लांगमध्ये आहे. 2014 मध्ये फेसबुकने 19 अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घेतलं, तेव्हा तिथे 45 कोटी युजर होते आणि इंजिनिअर जेमतेम तीसेक.

एवढं सगळं असून अडतं कुठे?

या भाषेला पहिला झटका घरातूनच बसला. 1998 मध्ये एरिक्सनच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांसाठी अर्लांग वापरायला बंदी घातली. भाषा वाईट होती म्हणून नाही. जगात सगळे जे वापरतात तेच आपणही वापरावं, स्वतःची भाषा सांभाळत बसू नये, असा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी अर्लांग ओपन सोर्स झाली आणि आर्मस्ट्राँग यांच्यासह टीममधले अनेक जण कंपनी सोडून गेले. फेसबुकचंही तसंच. 2008 मध्ये फेसबुक चॅटचा एक भाग अर्लांगमध्ये लिहिला होता. नंतर तो काढून सी प्लस प्लसमध्ये आणला. आणि काही वर्षांनी त्याच फेसबुकने अर्लांगवर उभी असलेली व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतली!

म्हणजे प्रश्न 'हे चालतं का' असा नसतो. 'हे सांभाळणार कोण' असा असतो.

पुण्यातल्या एखाद्या मध्यम आयटी कंपनीच्या मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. प्रोजेक्ट इलिक्सरमध्ये केला. दोन जणांना ती येते. त्यातल्या एकाने पेपर टाकला. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा धरला तरी तेवढ्यात दुसरा माणूस मिळेल का? जावावाला असता तर बेंचवरून उचलला असता. जावा घेऊन प्रोजेक्ट फसला तर लोक म्हणतात प्रोजेक्ट अवघड होता. इलिक्सर घेऊन फसला तर म्हणतात, तुला हे नसतं खूळ कुणी सांगितलं होतं? फायदा झाला तर तो कंपनीचा, नुकसान झालं तर त्या एका माणसाचं. अशा हिशेबात तो मॅनेजर जावा घेतो, यात मला काही भित्रेपणा दिसत नाही.

आता शिकणाऱ्याच्या बाजूने. शहरातल्या आयटी क्लासेसचे बोर्ड वाचा: जावा फुल स्टॅक, पायथन, मर्न. ज्या पोराने घरच्यांकडून फीचे पैसे घेतलेत, तो ज्याच्या जागा निघतात तेच शिकणार. तो शिकत नाही म्हणून कंपनीला माणसं मिळत नाहीत, कंपनी घेत नाही म्हणून तो शिकत नाही. ही साखळी तोडायचा खर्च आधी कुणी करायचा, तिथे सगळं थांबतं.

रोजच्या कामातल्या अडचणीही आहेतच. स्ट्राइपसारखा पेमेंट गेटवे पीएचपी, पायथन, जावा, नोड अशा भाषांसाठी स्वतःचा तयार कोड देतो. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवाही देते. या अधिकृत याद्यांमध्ये इलिक्सर नाही. इतर डेव्हलपर्सनी बनवलेली पॅकेजेस मिळतात आणि त्यातली काही उत्तम आहेत, पण गेटवेने उद्या काही बदललं तर ते पॅकेज कोण आणि कधी दुरुस्त करणार, याची हमी नसते. होस्टिंगचंही तसंच. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस दहा मिनिटांत चढतं, फिनिक्ससाठी स्वतंत्र सर्व्हर किंवा वेगळी सेवा बघावी लागते.

विचार करायची पद्धतही बदलावी लागते. इथे एकदा तयार झालेला डेटा जागच्या जागी बदलत नाही, प्रत्येक बदलाची नवी प्रत तयार होते. जावामध्ये पाच वर्षं काढलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे अडखळतच जातात.

आणि खरं सांगायचं तर, बहुतेकांना या ताकदीची गरजच नसते. मिठाईच्या दुकानाच्या वेबसाइटवर दिवाळीतही एका क्षणी 20 लाख लोक येत नाहीत. तिथे वर्डप्रेस पुरतं.

एक भीती मात्र फसवी निघाली. 2020 मध्ये नूबँक या ब्राझीलच्या बँकेने वालीम यांची प्लाटाफॉर्माटेक ही कंपनी घेतली, म्हणजे जिच्यात इलिक्सर जन्मली तीच. आता भाषेचं काय, ही शंका साहजिक होती. वालीम यांनी डॅशबिट ही नवी कंपनी काढून काम चालू ठेवलं आणि नव्या आवृत्त्या येतच राहिल्या.

मग शिकायची की नाही? पहिली नोकरी हवी असेल तर आधी जावास्क्रिप्ट किंवा जावाच, कारण फ्रेशरसाठी इलिक्सरच्या जागा फार कमी निघतात. नोकरीत दोन-तीन वर्षं झाली असतील आणि चॅट, लाइव्ह स्कोअर, गाड्यांचं लोकेशन अशा सतत चालू राहणाऱ्या गोष्टींवर काम असेल, तर शनिवार-रविवारी फिनिक्समध्ये एक छोटं चॅट अ‍ॅप बनवून बघा. कंपनीत सुचवायचं असेल तर अख्खा प्रोजेक्ट मागू नका, नोटिफिकेशनसारखा एखादा सुटा भाग मागा. आणि आपण सुट्टीवर असताना तो कोण बघेल, त्या सहकाऱ्याचं नाव आधीच ठरवून जा, कारण मॅनेजर पहिला प्रश्न तोच विचारणार.