पंचेचाळिसाव्या वर्षी माळीकाम?

पंचेचाळिशीच्या गृहस्थाने काय करावे हे आपल्या समाजात ठरून गेले आहे. त्याने प्रॉव्हिडंट फंडाची बेरीज करावी, रक्तदाब तपासून घ्यावा आणि मुकाट्याने आठ-सत्तावीसची लोकल पकडावी. परंतु दादरच्या हिंदू कॉलनीतला एखादा हिशेबनीस किंवा गिरगावातला एखादा बँकवाला उठून म्हणाला, "मी नोकरी सोडतो आणि झाडांची निगा राखायला शिकतो," की घरावर सुतकाची कळा येते. सासरेबुवा विचारतात, "म्हणजे माळीकाम?" आणि मेहुणा हळूच एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता सुचवतो. मला या वेड्या ठरवलेल्या गृहस्थाचे वकीलपत्र घ्यायचे आहे.

पहिला आक्षेप वयाचा. या वयात नवा धंदा शिकता येत नाही म्हणे! लालबाग-परळमध्ये उभे राहून तरी हे कुणी बोलू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या हजारोंना गिरणीचा दरवाजा पुन्हा कधी उघडलाच नाही. साच्यावर उभी हयात घालवलेल्या माणसांनी पहारेकऱ्याचा दंडुका हातात घेतला, भाजीची गाडी लावली. त्यांना "या वयात?" असे विचारायला कुणी गेले नाही. सक्तीने बदललेला धंदा हे नशीब आणि मनाने निवडलेला धंदा हे खूळ, असा हा न्याय आहे!

दुसरा आक्षेप असा की, यात शिकायचे ते काय? कुऱ्हाड आणि दोरखंड असला की झाले! हा आक्षेप घेणाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याच गल्लीत फिरून यावे. एका अंगाने भादरलेली झाडे त्याला दिसतील. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. ते राखून कापले तर झाड आपली जखम आपणच बुजवते. खोडालगत सपाट कापले किंवा लांब खुंट ठेवला तर कूज आत शिरते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि आपण नेमके तिथेच बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो. मुंबईतल्या कितीतरी पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाने ग्रासले. ते वाळले तेव्हा कुठे आपल्या माना वर झाल्या. हे ओळखायला डोळा लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षे लागतात. आपल्याकडे सुरपालाने सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘वृक्षायुर्वेद’ लिहून झाडांचे रोग आणि उपचार सांगितले. त्याच्या वंशजांना मात्र हे काम अडाण्याचे वाटते!

अडाणीपणाची किंमत माणसेही मोजतात. २०१७ साली चेंबूरमध्ये नारळाचे झाड अंगावर पडून रस्त्याने चाललेल्या एका बाईंचा जीव गेला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने एका दिवसात शहरातली शेकडो झाडे आडवी केली. वादळ कुणाच्या हातचे नसते हे मान्य. पण पोखरलेले खोड आणि तोडलेली मुळे आधी ओळखणे हे माणसाच्या हातचे असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. मुलांची शिक्षणे अर्धी, घराचे हप्ते डोक्यावर; अशा वेळी प्रपंच वाऱ्यावर सोडावा असे मी कुणाला सांगणार नाही. परंतु या कामात पैसा नाही, याचा दोष त्या गृहस्थाचा की शहराचा? १९५० पासून आपण वनमहोत्सव साजरा करीत आलो. रोप लावणाऱ्याचे छायाचित्र निघते. त्याच रोपाला तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे निघत नाही. १९७५ साली शहरांतल्या वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हटले. मुंबईच्या वृक्षगणनेत २९ लाखांहून अधिक झाडे मोजली गेली. मोजणी झाली, कायदा झाला. निगा राखणारे जाणते हात मात्र दुर्मिळच राहिले.

वांगारी मथाई नैरोबीच्या विद्यापीठात पशुवैद्यकातले शरीररचनाशास्त्र शिकवीत होत्या. १९७७ साली, सदतिसाव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या बायकांना हाताशी धरून झाडे लावायला घेतली. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. इतके लांब जायचे नसेल तर परळला या. के.ई.एम.मध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी पेशा न सोडता ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ लिहून मराठी घरांना झाडांकडे पाहायला शिकवले. दुसऱ्या ओढीला वयाची अट नसते, एवढे या दोघींवरून पटावे.

म्हणून मागणी सरळ आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून लोकांसाठी खुली आहे. झाडे शिकायला या शहरात याहून चांगली शाळा नाही. तिथे प्रौढांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम काढा, परीक्षा घ्या, आणि उत्तीर्णांना मोसमापुरते नव्हे तर बारमाही, कुशल कामगाराच्या वेतनावर नेमा. दर वॉर्डात झाडांच्या तब्येतीला जबाबदार असा माणूस असू द्या. सोसायट्यांनीही फांदी छाटायला स्वस्तातला माणूस शोधण्याऐवजी जाणता शोधावा आणि त्याचे मोल द्यावे.

तोवर वाचकहो, दिवाळीनिमित्त दारच्या झाडाला गुंडाळलेल्या विजेच्या माळा तुळशीच्या लग्नापर्यंत तरी उतरवा आणि त्यांच्यासाठी ठोकलेले खिळे उपटून काढा. एवढ्या कामाला नोकरी सोडावी लागत नाही.