उसाची पक्वता आणि विकराचे कार्य

अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून या जिल्ह्यातील बागायतदारास उसाचे वजन चांगले कळू लागले. त्यातील साखरेकडे मात्र त्याचे लक्ष अजूनही कमीच असते. ही साखर साठावी की खर्ची पडावी, हे पुष्कळ अंशी इन्व्हर्टेज नावाच्या विकरावर अवलंबून असते.

विकरे म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. पानांत तयार झालेली साखर कोवळ्या कांड्यांत आली की इन्व्हर्टेज तिची फोड करून द्राक्षशर्करा व फलशर्करा बनविते आणि त्यांवर कांडे लांबते, भरते. म्हणजे हे विकर उसाचे वैरी नव्हे. कांडे पक्व होऊ लागले की त्याचा जोर ओसरतो व साखर साठत जाते. बुडखा आधी गोड होतो, शेंडा मागाहून.

मोठ्या बांधणीनंतरही जो युरिया टाकीत राहतो, तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी देतो, त्याचा फड हिरवागार दिसतो आणि शेजारी वाखाणतात. परंतु अशा उसाची वाढ थांबत नाही व पक्वता लांबते. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीबरोबर देऊन टाकावा, ही शिफारस त्यासाठीच मोलाची आहे.

तोडलेल्या उसातही विकराचे काम थांबत नाही. आता साठलेल्या साखरेचीच फोड होऊ लागते, उन्हात तर फार वेगाने. अशा फुटलेल्या साखरेचा दाणा बनत नाही. ती मळीत जाते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे.

येथे व्यवहाराची एक अडचण आहे. शेतकऱ्यास पैसे वजनावर मिळतात आणि दर मात्र साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला असतो. त्यामुळे एकाचा अपक्व ऊस सर्वांचा दर खाली ओढतो, आणि काळजी घेणाऱ्यास वेगळे काही मिळत नाही. तोडणीचा क्रम केवळ लागणीच्या तारखेवर, मग वशिल्यावर तर नकोच, न लावता पक्वतेवर लावणे न्याय्य ठरेल. हँड रिफ्रॅक्टोमीटर ग्रामपंचायत अधिकाऱ्यासही सहज वापरता येतो: शेंड्याकडील व बुडख्याकडील रसाचे ब्रिक्स जवळजवळ सारखे आले की ऊस तोडणीस आला असे समजावे.

वाहन येण्यास उशीर होणार असेल तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात व वर पाणी शिंपडावे. जळीत उसास तेवढाही अवधी नसतो. तो त्याच दिवशी रवाना करावा.