लोकेशन पाठवलं, पण कोणाला?

इंदापूर तालुक्यात रात्री उसाची दारं धरताना साप चावला, तर १०८ ला फोन करणारा पत्ता काय सांगतो? 'कॅनॉलच्या पलीकडं, चिंचेपासून आत, आमची वस्ती कुणालाबी विचारा.' गावातल्या माणसाला एवढं पुरतं. पण १०८ चा फोन घेतला जातो पुण्यात. तिथं बसलेल्याला नीरा डाव्या कालव्याकाठचा सगळा ऊस सारखाच. आणि रात्री अकराला वस्ती विचारायची तरी कुणाला?

घोणस चावली की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, पण काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. प्रतिविष किती लवकर मिळतं, यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून मी नातेवाइकांना विचारतो, लोकेशन पाठवलं होतं का? पुष्कळदा उत्तर 'हो' असतं. कुठं पाठवलं, तर भावकीच्या ग्रुपवर! सगळी भावकी वस्तीवर हजर आणि रुग्णवाहिका अजून फाट्यावर.

आधी १०८ वर बोला. रुग्णवाहिकेतून फोन आला की त्याच नंबरवर व्हॉट्सॲप चालतं का ते विचारून लोकेशन टाका. रुग्ण एका जागी असेल तर 'करंट लोकेशन' बरं. तुम्हीच गाडी करून निघाला असाल, तर 'लाइव्ह'. पाठवण्याआधी नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होऊ द्या. रेंजसाठी कुणी रस्त्यावर आलं, तर ही खूण रस्त्याची आहे, रुग्ण आत आहे, हेही सांगा. आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. त्याला अजून तरी पर्याय नाही.

इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं. गूगल मॅप्सवर आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. आपल्याकडे पहिला १८ ने सुरू होतो. दुसरा बारामतीत ७४ ने, इंदापूर शहरात ७५ ने. दशांशानंतरचे चार अंक नीट सांगितले, की जागा दहा-अकरा मीटरच्या आत येते. हे फोनवर बोलून किंवा साध्या एसएमएसनेही कळवता येतं.

पाण्यावर मात्र वेळ मिळत नाही. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण बुडाले. फोन भिजल्यावर लोकेशन कुठून पाठवणार? बोटीत बसण्याआधीच घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन देऊन ठेवावं. ते आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. फोन बंद पडला तरी शोधणाऱ्यांना शेवटची खूण मिळू शकते. अर्थात, लाइफ जॅकेट हवंच.

मला खरी काळजी वाटते ती ऊसतोड कामगारांची. बीडकडून आलेल्या टोळीला आज कोपी कोणत्या गावच्या शिवारात आहे, हेही कधी कधी माहीत नसतं. त्यांच्यात गरोदर बाया असतात, लहान मुलं असतात. फड बदलला की कोप्यांचे ते दोन आकडे कारखान्याच्या शेतकी विभागाने मुकादमाला कागदावर लिहून द्यावेत आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवावेत. उसाची नोंद घ्यायला स्लिपबॉय बांधावर येतोच. कोप्यांची नोंद घ्यायला त्याला पाच मिनिटं जास्त लागतील.