पेल्याचा आग्रह

डिसेंबर उजाडला की आम्हां परप्रांतस्थ मराठी सरकारी नोकरांत एका शास्त्राची चर्चा सुरू होते. पिऊन झाल्यावर दुसऱ्या सकाळी डोके दुखू नये कसे, याचे ते शास्त्र. कोणी आधी चमचाभर तूप घ्यावयास सांगतो, कोणी लिंबूपाण्याची महती गातो. आणि कुंभकोणमला बदली होऊन आलेल्या प्रत्येकास येथल्या डिग्री कॉफीत हँगओव्हरवरचा रामबाण उतारा सापडतो. हे सारे उतारे फोल आहेत आणि सांगणारांस ते ठाऊकही आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

कारकुनी पेशा असल्याने आम्ही हिशेब मांडून पाहिला. ३० मिलिलिटर व्हिस्कीच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. तेवढा निकालात काढावयास यकृतास साधारण एक तास लागतो आणि कॉफीने वा थंड पाण्याच्या स्नानाने ती गती वाढत नाही. रात्री नऊपासून सहा मोठे पेग रिचविणाऱ्याच्या रक्तातला मद्यार्क उतरावयास सकाळचे नऊ वाजतात. आणि तो उतरत आला म्हणजेच डोकेदुखी ऐन भरात येते, ऐन कचेरी उघडण्याच्या मुहूर्तावर! २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा उताऱ्यांच्या चाचण्यांचा आढावा छापला. खात्रीचा म्हणावा असा एकही त्यात निघाला नाही. निजताना पॅरासिटामॉल घेणारे तर दमलेल्या यकृतावर आणखी ओझे लादतात.

कमी प्यावे, जेवून प्यावे, वेळेत थांबावे, हे कोणास ठाऊक नाही? मग ते घडत का नाही? आमच्या मते याचे कारण बाटलीत नाही, यजमानाच्या हातात आहे. पंगतीतला आग्रह आम्ही पेल्यावर आणून बसविला. जिलबीच्या आग्रहाला निदान तोड असते. पानावर हात आडवा धरला की वाढपी पुढे सरकतो. पेल्यावर हात धरणाऱ्याची मात्र टवाळी होते. "अहो घ्या हो, वहिनींना कोण सांगतंय!" असे साहेब म्हणाले, की वार्षिक मूल्यमापन अहवाल त्यांच्याच लेखणीतून उतरणार हे जाणणारा कारकून हात काढून घेतो. १९१९ मध्ये 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यातल्या तळीरामाला आपण शतकभर हसत आलो. त्याचे काम आपण चालवीत आहोत, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

गेल्या ३१ डिसेंबरला आम्हीही हात काढून घेतला. १ जानेवारी ही केंद्रीय कचेऱ्यांत वैकल्पिक सुट्टी, म्हणजे बहुतेकांस कामाचाच दिवस. येथे तो मार्गळी महिना. शेजारच्या बायका पहाटेच्या गारव्यात दारी कोलम घालीत होत्या, देवळातून तिरुप्पावै ऐकू येत होते आणि आम्ही उशीत तोंड खुपसून ते थांबण्याची वाट पाहत होतो. कचेरीत एका वृद्ध पेन्शनर बाईंच्या कागदावर आमच्या हातून चुकीची जन्मतारीख चढली. ती दुरुस्त करून घेण्यास बाईंना खेड्यातून दोनदा बसने यावे लागले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. आपलेच वाचण्यात चुकले असेल, म्हणाल्या. ते वाक्य कोणत्याही उताऱ्याने उतरलेले नाही.

आमचा वाद दारूबंदीसाठी नाही. याच प्रांतात राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून ती सुरू केली होती आणि २००३ पासून येथे किरकोळ विक्री सरकारच्या 'टास्मॅक'कडेच आहे. तो वाद मोठ्यांनी घालावा. पण केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम २२ सांगतो की, मद्याच्या अमलाचा कामावर कोणत्याही प्रकारे परिणाम होणार नाही याची नोकराने दक्षता घ्यावी. हा नियम पेला ओतणाऱ्या साहेबासही लागू आहे. कनिष्ठास ओतून पाजावयाचे आणि सकाळी त्याच्या चुकीवर शेरा मारावयाचा, ही कुठली रसिकता?

यंदाची ३१ डिसेंबरची बैठक आमच्या बिऱ्हाडी आहे. जेवण आठाला वाढले जाईल. बाटली मध्यभागी राहील, शेजारी पाण्याचा तांब्या. ज्याने त्याने आपला पेला आपण भरावा. दुसऱ्याचा पेला भरण्याची ज्यांस फार हौस असेल त्यांनी वरणभात वाढावयास यावे. साहेबांनाही आम्ही हेच लिहून कळविले आहे. उत्तर अद्याप नाही.