ठिगळाची लाज कशाची?

पूर्वी कोणी शिवले की विटाळ होत असे. हल्ली कोणी शिवलेले अंगावर घातले की विटाळ होतो. पहिला विटाळ राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने गुन्हा ठरविला. दुसरा आपण आपल्या हातांनी घरात आणून बसविला आहे. फाटलेला सदरा फेकून नवा आणणारा तो सुधारलेला, आणि तोच सदरा रफू करून घालणारा तो मागासलेला, असे एक नवे शास्त्र गावोगाव पसरले आहे. या शास्त्राचा फायदा कोणाला आणि भुर्दंड कोणाला, हे शेतकरी-कष्टकरी बांधवांनी एकदा नीट तपासून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही नागपूर जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहोत. सारे शिक्षण मराठीत झाले, मराठी अध्यापक विद्यालयातून पदविका घेतली आणि तेव्हापासून खेड्याची शाळा सोडली नाही. मुलांचे कपडे रोज डोळ्यांसमोर असतात. पाचवीतील एका मुलाच्या पँटीला मागे दोन ठिगळे होती. पोरांनी त्याचे नाव ‘खिडकीवाला’ ठेवले. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. शेवटी बापाने, कापूस घरात येण्यापूर्वीच, दुकानातून उधारीवर दोन पँटी आणल्या. त्या पँटी दिवाळीपर्यंत गुडघ्यावर विरल्या. उधारी मात्र अजून शाबूत आहे. आईने घातलेले ठिगळ आम्ही हातात घेऊन पाहिले होते. टाका इतका बारीक आणि सारखा की पाहत राहावे. त्या माउलीची विद्या हसण्यावारी गेली आणि दुकानदाराच्या वहीतला आकडा प्रतिष्ठेचा ठरला! वाचकहो, यात फाटके काय होते, पँट की आपली अक्कल?

आता थोडा हिशेब करू. हा मुलूख पऱ्हाटीचा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला सरकारने क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव ठरविला. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर साधारण ३३-३४ किलो रुई उरते. कताईतली तूट धरली तरी तेवढ्या रुईत शंभर शर्टांचे कापड सहज होते. म्हणजे एका शर्टापुरत्या कापसाचे शेतकऱ्याला मिळाले फार तर ऐंशी रुपये, आणि तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर. तोच शेतकरी बाजारात जातो तेव्हा त्याच्या पोराच्या अंगावर येते काय? पॉलिस्टर! १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती याच कापसाच्या भरवशावर. ती गिरणी बंद पडली आणि तिच्या आवारात मॉल उभा राहिला. कापूस पिकविणारा, सूत कातणारा, कापड विणणारा असा हा मुलूख आज कापडाचा नुसता गिऱ्हाईक होऊन बसला आहे. गिऱ्हाईकाने दुरुस्त करून वापरले तर विकणाऱ्याचे कसे व्हायचे? म्हणून ठिगळाला हसायला शिकविले जाते. हसणारे आपलेच, हसण्याची कमाई दुसऱ्याची.

आमच्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. नऊवार सुती लुगडे मध्ये विरले की त्या विरलेला भाग कापून काढीत आणि दोन्हीकडचे धड तुकडे जोडून दंड घालीत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चाले. ते थकले की त्याचे परकर-पोलके होई. तेही झिजले की तान्ह्या लेकराचे दुपटे, झबले, कुंची. उरलेले गोधडीच्या पोटात जाई. गोधडीतून सुटलेल्या चिंधीची चुंबळ होऊन डोक्यावरच्या घागरीखाली बसे, चुंबळीचे पोतेरे होऊन जमीन सारवी, आणि अगदी शेवटची चिंधी तेलात भिजून काकडा म्हणून जळे. एका लुगड्याने एका घराची एवढी सेवा केली, आणि तिला कोणी ‘बचत’ असे मोठे नाव दिले नाही. आजची पॉलिस्टरची साडी यातले काय करील? तिची गोधडी घाम टिपत नाही, तिचे पोतेरे पाणी शोषत नाही, आणि ती पेटली तर वितळून अंगाला चिकटते.

हीच वाट फार जुन्या काळी एका भिक्षूने एका राजाला सांगितली होती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती कथा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला, की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार काय? आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे. त्यांचे पुढे जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडपुसीचे फडके, आणि शेवटी तेही कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या पोरांनी तरी ठिगळाला हसू नये. भिक्षूचे चीवरच मुळी तुकडे जोडून शिवलेले असते.

येथे कोणी म्हणेल, “गुरुजी, तुम्ही आम्हाला पुन्हा चिंध्यांकडेच नेता की!” या आक्षेपाला आम्ही मान देतो, कारण त्यामागे खरे दुःख आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावी आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असा हुकूम लिहिलेला आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांवर दुसऱ्याची उतरलेली वस्त्रे लादली गेली, त्यांना जुन्या कापडाचा तिटकारा आला तर त्यात नवल कसले? पण बांधवांनो, लादलेली चिंधी आणि स्वतः शिवलेले ठिगळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत दुसऱ्याचा हुकूम आहे, दुसऱ्यात आपला हात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ज्या दिवसांत मनुस्मृती जाळली गेली, त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण सांगणारी नेसण्याची तऱ्हा टाकून द्या. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या. हुकमाचे वस्त्र झुगारा आणि आपले ठिगळ धुऊन ताठ मानेने वागवा, हा त्याचा अर्थ. यापेक्षा अधिक काय सांगावयाचे?

आणि आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा? अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडलेला अंगरखा, हातात खराटा आणि गाडगे. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. बायकोला लुगडे कमी भावाचे घ्या, पण पोराला शाळेत घाला, असे हा मनुष्य कीर्तनातून सांगत असे. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि त्याच दिवशी शाळेत ठिगळवाल्या पोराला हसायचे, हा कोणता भक्तिभाव?

आता उपदेशकांकडे वळू. शहरातील काही गृहस्थ गरिबांना ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे शिकवितात. ठीक आहे. पण ते अंथरूण शिवले कोणी आणि आखूड केले कोणी, याचा विचार त्यांनी केला आहे काय? यांच्याच शहरात मुद्दाम गुडघ्यावर फाडलेली पँट धडक्या पँटीपेक्षा महाग विकली जाते, आणि गोधडी प्रदर्शनात मांडली की ती ‘कला’ होते. आमच्या घरात असली तर तीच दारिद्र्य! काटकसर ही गरिबाला सोसावी लागणारी शिक्षा असेल तर आम्ही तिच्या विरुद्ध आहोत. ती हातातली विद्या असेल तरच तिची बाजू घेतो. ठिगळ लावा म्हणजे कापसाचा भाव मागू नका, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला वेशीबाहेरची वाट दाखवा. आभाळच फाटले तेथे ठिगळ कोठे लावावे, असेही काही जण विचारतात. आभाळाचा जाब सरकारला विचारूच. तोवर पोराचा सदरा का फाटका ठेवावा?

शाळेत शनिवारी एक तास आम्ही सुई-दोऱ्याला देतो. मुलींना आणि मुलांना सारखाच. गुंडी लावणे, उसवलेली शिवण घालणे, दुमड सोडून पँट लांब करणे, कॉलर उलटविणे. ठिगळाचे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, नाही तर ते पहिल्याच धुण्यात आटून भोवतालचे कापड ओढून फाडते. ठिगळाचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवावा. पोरे हे चटकन शिकतात आणि माप घेता घेता भूमितीही शिकतात. पण गावातील एका प्रतिष्ठिताने विचारलेच, “पोरांना शिंपी करता काय?” आम्ही विचारतो, केले तर काय बिघडले? नामदेव शिंपीच होते, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात मानाने बसली आहेत. हाताने काम करणाऱ्याला हलका लेखायचा हा रोग कोणत्या घरून आला, हे या पत्राच्या वाचकांना सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धात विलायतेच्या सरकारने १९४३ साली आपल्या प्रजेला जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याचे धडे छापून वाटले. फ्रान्सच्या सरकारने नोव्हेंबर २०२३ पासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्यास बिलात सूट देण्याची योजना सुरू केली. ते करतात ते शहाणपण आणि आमची माय करते ते गावंढळपण काय?

दोष मात्र सगळा बाहेरचा नाही. आपल्या लग्नांत पाहा. टॉवेल, टोपी, शेला, ब्लाऊज पीस आणि ‘देण्याघेण्याची’ साडी! दुकानात या साडीचा ढीगच वेगळा असतो, कारण ती नेसण्यासाठी नसतेच. ती या लग्नातून त्या लग्नात फिरते आणि शेवटी बोहारणीच्या गाठोड्यात जाते. नेसायचे नाही असे कापड कर्ज काढून घ्यायचे आणि नेसायचे त्याला ठिगळ लावायची लाज वाटायची! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून कमी खर्चाची लग्ने लावून दाखविली. त्यांचे नाव घेणाऱ्या घरांत आज आहेराच्या याद्या निघतात, हे कशात बसते?

गणवेशाचेही तेच. २०२४-२५ साली राज्यभर एकच गणवेश ठरवून कापड वरून पाठवावे आणि बचत गटांकडून शिवून घ्यावे, असा प्रयोग झाला. गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, अशी ओरड झाली आणि पुढील वर्षापासून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. शिवणाऱ्या बायांचा यात दोष नाही. ज्या मुलासाठी शिवायचे ते मूलच तिला दिसत नसेल, तर माप कोठून यावे? दोन गणवेशांच्या ६०० रुपयांत कापड, शिलाई सारे बसवायचे असल्याने पहिली कात्री शिवणीतल्या माणावरच चालते, आणि मूल वाढले की सोडायला दुमडच राहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक शाळेत मुलगे-मुली दोघांनाही आठवड्यातून एक तास शिवणदुरुस्ती शिकवावी. गणवेश गावातल्या शिवणाऱ्या बाईने मुलाचे माप घेऊन शिवावा, दुमडीत चार बोटे कापड ठेवावे आणि ठिगळापुरता तुकडा सोबत द्यावा. लग्नातील कापडाचा आहेर गावाने ठराव करून बंद करावा. आणि ठिगळावरून कोणा मुलाला कोणी हिणविले, तर ती गोष्ट मास्तरांनी जातीवरून हिणविण्याइतकीच गंभीर मानावी.

येत्या ग्रामसभेत हे विषय मांडा. मांडताना कोणी हसला, तर त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचे पैसे फिटले काय, एवढेच चारचौघांत विचारा.

— एक खेडवळ शिक्षक, जि. नागपूर