बुडी कोणाच्या भरवशावर?

माझी एक मावसबहीण लग्न होऊन इंदूरजवळच्या हातोदला गेली. तिच्या मुलाचा परवा फोन आला. "मामा, डिसेंबरात गोव्याला येतोय. मी, ही आणि बाबा. स्कुबा करायचंय. तीन जाहिराती पाठवल्यात, यातली कुठली बोट घेऊ ते सांगा. तुम्ही गोव्याचे, तुम्हाला कळणारच!"

आता काय सांगणार कपाळ! आम्हा बहुतेक गोवेकरांना समुद्र ठाऊक तो मासळीच्या बाजारापर्यंत. इसवण ताजा की बर्फातला हे डोळे मिटून सांगू, पण पाण्याखाली कधी डोके घातलेय? तरीही पाहुणा विचारतो तेव्हा आपण बेधडक नाव सांगून मोकळे होतो. कोणाचा तरी शेजारी, कोणाचा तरी मेहुणा, "आपलाच माणूस" असतो. मीही हे पाप केले आहे. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या पाहुण्यांना असेच एक नाव सुचवले. बारा वर्षांचा त्यांचा मुलगा सर्दी झालेली असताना पाण्यात उतरला, कारण कोणी विचारलेच नाही. कानाच्या दुखण्याने तो रात्रभर रडत होता. मला त्यांनी दोष दिला नाही, पण त्या घरचा फोन आला की अजून ओशाळायला होते.

म्हणून या वेळी जाहिराती नीट वाचल्या. पहिली दीड हजारांची. त्यात ग्रँड आयलंड, डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, स्कुबा, जेवण, दोन बियर आणि व्हिडिओ फुकट. खाली ठळक अक्षरांत "७ ते ७०, सर्वांसाठी". पाण्याखाली किती मिनिटे, किती खोल, सोबत कोण, यावर अक्षर नाही. बियर किती ते मात्र सांगितले आहे! दारू आणि बुडी यांचे जमत नाही, हे ज्याला ठाऊक नाही किंवा ठाऊक असून चालते, त्याच्याकडे हवेची नळी कशी सोपवायची?

नळीचे प्रकरण जरा समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. तिथे नळीतून छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला ती देता येत नाही. इजा व्हायला दहा मीटरच लागतात असेही नाही, तीन-चार मीटरही पुरतात. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या लोकांची सवय नेमकी उलटी, पाण्यात गेले की श्वास धरायचा! इथे श्वास कधीच धरायचा नाही. ही एवढी एक गोष्ट नवख्याच्या डोक्यात पक्की बसवायला, कानातला दाब सोडवायला शिकवायला आणि उथळ पाण्यात करून घ्यायला वेळ लागतो. माणसामागून माणूस उतरवणाऱ्या बोटीवर तो वेळ कोण देणार? तिथे टाकी पाठीला लावायची, शिडीला किंवा दोरीला धरून पाच-सात मिनिटे खाली, पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करायचे, फोटो, की पुढचा. भाच्याला हवा तो व्हिडिओ मिळेल, पण ती बुडी म्हणायची का?

भाच्याला म्हटले, दर नंतर विचार, आधी विचार की उतरायच्या आधी काय शिकवणार आणि एका प्रशिक्षकामागे किती माणसे. पॅडी ही जगभर चालणारी प्रशिक्षणसंस्था. तिच्या नियमाने अशा पहिल्या बुडीला वय किमान दहा, खोली जास्तीत जास्त बारा मीटर आणि खुल्या समुद्रात एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त माणसे नाहीत. म्हणजे "७ ते ७०" तिथेच निकालात निघाले. शिवाय प्रकृतीची प्रश्नावली असते. त्यात दमा, हृदय, कान, चालू औषधे आणि पंचेचाळीशी ओलांडली असेल तर आणखी प्रश्न. (मी वाचली आणि गप्प मिटून ठेवली.)

कागदपत्रांचेही तसेच. आमच्याकडे १९८२ पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे, बोटीचा परवाना बंदर कप्तान खात्याकडचा. चौकटीत लावलेला कागद दाखवतील. कारकुनी डोळ्याने सांगतो, शिक्का बघू नये, मुदत बघावी आणि माणसे किती लिहिली आहेत ते बघून बोटीतली डोकी मोजावीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा आटोपून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. २०२४ च्या नाताळात कळंगुटला सफरीची बोट उलटली, एक जण गेला. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असे नाही, परतीच्या वाटेवरही असतो. लाइफ जॅकेट अंगात हवे, बाकाखाली नव्हे.

हातोदकरांना हे सांगायला मी कोण? त्यांच्याजवळ गंभीर नदीवरचा यशवंत सागर आहे, सारस पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा, २०२२ पासून रामसर यादीत. तिथे नाव ढकलायची झाली तर भाचा तिथल्या मासेमाराला आधी वारा विचारील. गोव्यात आला की तोच माणूस मोबाइलवरची सवलत विचारतो. आमचे रापणकार नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटत नसत. त्यात श्रद्धा होती तशी पाण्याची पारखही होती. पावसाळ्यात ग्रँड आयलंडची बुडी बंदच असते. एरवीही झुआरीच्या तोंडाजवळचे ते पाणी गढूळच, कधी तीन-चार मीटरांपलीकडे दिसत नाही. अंदमानचा फोटो दाखवून ग्रँड आयलंड विकणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. नितळ पाणीच हवे तर कारवारच्या खाली मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट आहे. मालवणला किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला हात लावू देणारा मार्गदर्शक तिथेही असतोच म्हणा!

आणि बेत. भाच्याने बुडी शेवटच्या दिवशी सकाळी ठेवली होती, संध्याकाळी विमान. एकाच बुडीनंतरही किमान बारा तास विमानात बसू नये, जास्त बुड्या असतील तर अठरा. अंगात मुरलेला नायट्रोजन उंचावर गेल्यावर बुडबुडे होऊन बाहेर येतो. तीनपैकी एकाही जाहिरातवाल्याने त्याला परतीचे विमान कधी ते विचारले नव्हते.

भाचा शहाणा, त्याने तिघांनाही फोन केले. दोघे म्हणाले, "कुछ नहीं होता सर, आ जाओ." तिसरा महाग, जवळजवळ चौपट. त्याने तिघांची वये विचारली, औषधे विचारली आणि बाबांच्या हृदयात स्टेंट आहे म्हटल्यावर सरळ सांगितले की डॉक्टरचे पत्र आल्याशिवाय त्यांना उतरवणार नाही. वर हेही की समुद्र बिघडला तर त्या सकाळीच रद्द करीन, पैसे परत.

"मामा, हा तर गिऱ्हाइकालाच घालवतो," भाचा कुरकुरला. मी म्हटले, बाळा, याचेच आगाऊ पैसे भर आणि दुसऱ्या दिवसाची वेळ घे.

भावोजी रुसले आहेत. काल त्यांचा स्वतंत्र फोन आला की मी यशवंत सागर पोहून आलेला माणूस, मला पत्र मागतो म्हणजे काय? त्यांना सांगितलेय, आधी डॉक्टरला विचारा. तो नाही म्हणाला तर दोघे बोटीवर बसू, मी रजा टाकतो. मासळीचे जेवण दोन्ही पक्षी आमच्याकडे.